खाली बसणाऱ्यांचं न्यू मेक्सिको

न्यू मेक्सिकोला जायला पासपोर्ट लागतो का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी यायचा आणि विचारणारा बहुतेक वेळा अमेरिकनच असायचा. "नाही, ते तुमच्याच देशातलं एक राज्य आहे," हे मी शक्य तितक्या अदबीनं सांगायचे. मग पलीकडचा माणूस ओशाळून हसायचा, मीही हसायचे आणि आमचं जमून जायचं. आपल्याला आपल्याच देशाचा भूगोल शिकवणारी ही बाई मूळची परतवाड्याची आहे, आयर्लंडमध्ये बसून बोलते आहे आणि तिनं अमेरिकेत पाऊलही ठेवलेलं नाही, हे त्याला कधी कळत नसे.

माझी नोकरीच तशी होती. डब्लिनच्या दक्षिणेला चेरीवूडला एका प्रवास कंपनीचं ऑफिस होतं. अमेरिका फिरायला निघालेल्यांचे फोन तिथे यायचे: कुठे राहावं, काय पाहावं, गाडीनं किती वेळ लागेल. आम्हाला एकेक राज्य वाटून दिलेलं होतं, माझ्या वाट्याला न्यू मेक्सिको आलं. सुरुवातीला नकाशे आणि व्हिडिओ यांवर भागवलं. पुढे ते राज्य मला आम्ही राहायचो त्या ल्यूकन उपनगरापेक्षा जास्त पाठ झालं. पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या, त्यांवरून लोक प्लॅस्टिकच्या थाळीत बसून घसरत खाली येतात. जमिनीखालच्या अवाढव्य गुहा, आणि संध्याकाळी त्यांतून वटवाघळांचे थवे निघतात ते पाहायला बांधलेल्या दगडी पायऱ्या. कड्यात कोरलेली जुनी घरं, ज्यांत लाकडी शिडीनं चढावं लागतं. ऑक्टोबरात सकाळी सकाळी आभाळभर चढणारे रंगीत बलून. डोळे मिटून सांगायचे मी हे सगळं.

२०२०च्या फेब्रुवारीत आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच लांबचा प्रवास. येताना चार किलो तिखट, सांडगे आणि माझ्या लेकीसाठी दोन परकर-पोलकी घेऊन आली. ती येऊन महिना होतो न होतो तोच सगळं बंद झालं. विमानं बंद, शाळा बंद, माझं आणि नवऱ्याचं ऑफिस बंद. नवऱ्यानं लॅपटॉप उचलला आणि वरची लहान खोली बळकावली. सात वर्षांच्या लेकीची शाळा बैठकीच्या खोलीत सोफ्यावर भरू लागली. माझ्यासाठी उरलं स्वयंपाकघरातलं टेबल. आणि स्वयंपाकघर तर आईनं आल्या दिवशीच ताब्यात घेतलं होतं. अशा रीतीनं न्यू मेक्सिको आमच्या ओट्यापाशी आलं.

तिथली सकाळ म्हणजे आमची दुपार. त्यामुळे मी जेवून कानाला हेडसेट लावायचे तेव्हा आईची भांडी आवरून व्हायची आणि ती समोरच्या खुर्चीवर लसूण सोलत बसायची. पहिले दोन महिने फोन आले ते फक्त बुकिंग रद्द करणाऱ्यांचे. मी प्रत्येकाची माफी मागत होते. एक दिवस आई म्हणाली, "सकाळी उठून चांगली असते, दुपार झाली का सॉरी सॉरी सुरू. काय गुन्हा केला वं तू?"

उन्हाळ्यात फोनचा सूर बदलला. लोकांना कुठे जाता येत नव्हतं, म्हणून ते बोलत होते. पुढच्या वर्षी जाऊ, त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणत तासभर विचारत राहायचे. आम्हालाही पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी होती. आई सकाळी साडीवर माझं जॅकेट आणि पायात लेकीच्या बाबांचे जुने बूट घालून एस्टेटमधल्या, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या, हिरवळीला फेऱ्या मारायची आणि दुपारी माझ्यासमोर बसून परराज्यात हिंडायची.

तिची आणि न्यू मेक्सिकोची खरी ओळख मिरचीनं करून दिली. तिथे कुठल्याही खानावळीत गेलं की पहिला प्रश्न असतो, लाल की हिरवी? म्हणजे जेवणावर कुठल्या मिरचीचं कालवण घालू? हे मी कुणाला तरी फोनवर सांगत होते, तर आईनं लसूण सोलायचा थांबवला. फोन संपल्यावर मी तिला व्हिडिओ दाखवला. भाद्रपदाच्या सुमारास तिथे रस्त्याकडेला जाळीची मोठी पिंपं आगीवर फिरवत हिरव्या मिरच्या भाजतात, लोक पोतीच्या पोती भाजून नेतात आणि वर्षभर पुरवतात. घरांच्या दारांवर लाल मिरच्यांच्या माळा लटकतात. घरंही मातीनं लिंपलेली.

आईनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "हे तं आपल्यासारखेच लोक दिसून राहिले. मग हे अमेरिकेत काहून राहतात?"

त्या दिवसापासून ती माझ्या कामात लक्ष घालू लागली. परतवाड्याला भिशीच्या बायकांच्या सहली तीच काढायची. चिखलदरा, मुक्तागिरी, शेगाव. त्यामुळे आपल्याला सहलीतलं सगळं कळतं, असा तिचा समज होता. तो पूर्ण खरा नव्हता. एकदा तिनं सुचवलं, "त्याइले सांग, पांढऱ्या वाळूत डबा खा, अन् चहाले त्या राजधानीच्या गावी जा."

"आई, मधे चार तासांहून जास्त रस्ता आहे."

"मग यष्टी किती वाजता सुटते?"

"तिथे यष्टी नसते. स्वतःची गाडी लागते."

"यष्टी नाही?" तिनं अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं, जणू त्या राज्याची यष्टी मीच बंद पाडली होती.

पण एक प्रश्न ती दर वेळी विचारायची. मी कुणाला शिड्यांच्या घरांबद्दल किंवा डोंगरावरच्या वाटेबद्दल सांगितलं की ती हळूच म्हणायची, "अन् ज्याइले चढता येत नाही, त्याइनं काय करावं?"

"खाली थांबायचं."

"खाली काय आहे पण?"

मला माहीत नव्हतं. वर काय आहे ते सगळं मला पाठ होतं. खाली काय आहे हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी शोधलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एक दिवस हेडसेटवर चहा सांडला आणि तो बंद पडला. नवीन येईपर्यंत लॅपटॉपच्या स्पीकरवर बोलणं भाग होतं. नेमका त्याच दिवशी दोघी बहिणींचा फोन आला. थोरली ओहायोत राहायची, धाकटी मिनेसोटात, दोघी सत्तरीच्या आसपास. एकाच वेळी दोघी लाइनवर होत्या. महामारी संपली की पहिली सहल न्यू मेक्सिकोची, हे ठरलं होतं. एवढंच ठरलं होतं.

"कड्यातली घरं पाहायचीच," थोरली म्हणाली. "शिड्या चढून. अगदी वरच्यापर्यंत."

"तू चढ," धाकटी म्हणाली. "माझे गुडघे काय म्हणतात ते तुला माहीत आहे."

"तुझे गुडघे पन्नास वर्षं तेच म्हणतायत."

"आणि तू पन्नास वर्षं ऐकत नाहीयेस."

मी मधे पडून गुहांचं नाव काढलं. तिथे खाली उतरायला लिफ्ट आहे, असं सांगितलं. थोरलीला लिफ्ट म्हणजे फसवणूक वाटत होती, तिला चालतच उतरायचं होतं. मग वाळूच्या टेकड्या. थोरलीला टोकाच्या टेकडीपर्यंत जायचं होतं. पुन्हा जुंपली. आई ओट्यापाशी कणीक मळत उभी होती. तिचं इंग्रजी शाळेपुरतं, पण बहिणी-बहिणींचं भांडण समजायला इंग्रजी लागत नाही. तिनं कणकेचे हात तसेच वर धरले आणि मोठ्यानं म्हणाली, "अवं, त्या लहानीले कोणी इचारलं का, का तिले काय पाह्याचं आहे?"

लाइनवरचं भांडण तिथेच थांबलं.

"कोण बोललं हे?" थोरलीनं विचारलं.

"माझी आई," मी म्हणाले. "माफ करा, मी घरून काम करते आहे."

"काय म्हणाल्या त्या?"

आता खोटं तरी काय सांगणार? मी सांगून टाकलं. धाकटी इतकी खदखदून हसली की स्पीकर थरथरला. "तुझ्या आईला सांग, पन्नास वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला मिरच्या भाजताना पाहायच्या आहेत. खुर्ची टाकून बसायचं, वास घ्यायचा, पाहायचं. आणि राजधानीच्या चौकात बायका जमिनीवर चांदीचे दागिने मांडून बसतात ना, तिथे एकेक कानातलं निवांत हातात घेऊन पाहायचं. कुणी घाई न करता."

"हे तू मला कधी बोलली नाहीस," थोरली म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

आईला मी सारांश सांगितला. ती मान डोलावत पुन्हा कणकेकडे वळली. जणू सासर-माहेरच्या बैठकीत एक मुद्दा निकालात निघाला होता.

त्या रात्री जेवताना तिनं गिरनारची गोष्ट सांगितली. मला ती अर्धीच माहीत होती. चार वर्षांपूर्वी ती आणि अमरावतीची माझी मावशी, म्हणजे तिची थोरली बहीण, सौराष्ट्राच्या यात्रेला गेल्या होत्या. गिरनारच्या पायथ्याशी आईचे गुडघे धरले. मावशी म्हणाली, "तू बस खाली, मी जाऊन येते," आणि गेली. यात्रेतल्या सगळ्यांनी आपापल्या पिशव्या आईजवळ ठेवल्या. आई पहाटेपासून दुपारपर्यंत पिशव्या राखत बसली. मावशी खाली आली ती तोंड लांब करून आणि वर काय पाहिलं ते एका शब्दानं बोलली नाही.

"मले वाटलं, दर्शन घेऊन आली, आता सांगन काही. घंटा, देऊळ, हवा. काहीच नाही. म्हणजे मी चढू शकली नाही, तर मले सांगाचंही नाही?" तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटलं नव्हतं, पण कोरडं झालं होतं. दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन. तब्येत कशी आहे, बरी आहे, ठेवते.

नवरा म्हणाला, "आई, तुम्ही विचारायचं होतं ना त्यांना."

"मी काहून विचारू जावईबापू? जो वर गेला त्यानं सांगावं."

हे फोन रेकॉर्ड होत असत, हे मी विसरले नव्हते. आठवड्याभरात आमच्या टीम लीडनं व्हिडिओ कॉल लावला. ती कॉर्क शहरातली, पन्नाशीची, बोलायला मोकळी पण नियमाला कडक. मी घाबरूनच बसले होते.

"त्या दोन बहिणींच्या कॉलवर दुसऱ्या बाई कोण होत्या?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"लाइनवर दुसरं कुणी बोललेलं चालत नाही, हे तुला माहीत आहे. वरच्या ऑफिसमधला युअर मॅन फार बारकाईनं ऐकतो हे सगळं." आयर्लंडमध्ये युअर मॅन म्हणजे फक्त 'तो अमुक माणूस'. पण आई मागे उभी राहून ऐकत होती आणि तिनं कुजबुजत मला विचारलं, "कोणाचा नवरा? तुझा? तो तं वर आहे." मी हसू दाबलं. लीडनं ते पाहिलं.

"त्याच का त्या?" ती म्हणाली. आईनं कॅमेऱ्यात डोकावून नमस्कार केला. लीडनं हात हलवला. मग मला म्हणाली, "त्यांना लाइनवर घेऊ नकोस. पण त्यांचा प्रश्न चांगला आहे. माझी आई ऐंशीची आहे. कुठेही गेलो की ती गाडीत बसून राहते आणि आम्ही तिला आइस्क्रीम आणून देतो. त्यांनी विचारलं ते तू सगळ्यांना विचारत जा. बाकी सगळं ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक.

मग मी कामाला लागले. तिथल्या स्थानिक माणसांना फोन करून विचारू लागले: शिड्यांच्या घरांखाली काय आहे? एक ओढा आहे, काठानं सपाट वाट आहे, मोठी झाडं आहेत, झाडाखाली बाकं आहेत आणि बाकावर बसून शिडीवरची माणसं दिसतात. पांढऱ्या वाळूत लाकडी फळ्यांची एक सपाट वाट आहे आणि सावलीची जेवणाची टेबलं आहेत. ही सगळी माहिती होतीच, फक्त कुणी विचारत नव्हतं. आईनं आणखी प्रश्न जोडले. सावली सकाळी असते का दुपारी? बाकाले पाठ आहे का? बाथरूम किती लांब? पहिले दोन मला भलतेच वाटले, पण फोन करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते विचारल्याबरोबर जो सुस्कारा ऐकू यायचा, त्यावरून मी शिकले.

दोघी बहिणी दर दोन-तीन आठवड्यांनी फोन करायच्या आणि नेमकं मलाच मागायच्या. नवा हेडसेट आला होता, आईला आता ऐकू येत नव्हतं. ती समोर बसून माझा चेहरा वाचायची. भांडण लागलं की मी भुवया उडवायचे आणि ती हातानं विचारायची, कोण, मोठी का लहान? मी बोट वर किंवा खाली करायचे. सहल कधी वसंतात जायची, कधी शरदात. कधी बलून यायचे, कधी थंडीतले क्रौंच पक्षी. "यांच्या लग्नाची बोलणीसुद्धा एवढी लांबली नसतील," आई म्हणायची.

विमानं मधूनमधून सुरू झाली, एकदा दिल्लीच्या विमानात तिला जागाही मिळत होती. पण दिल्लीहून पुढे एकटीनं कसं जायचं, आणि गेल्यावर तिथे एकटीनं घरात कोंडून बसायचं, त्यापेक्षा इथेच कोंडून घ्यावं, असं तिनं ठरवलं. सरकार सगळ्यांच्या व्हिसाच्या मुदती आपोआप वाढवत होतं. ती राहिली. लेक आणि ती दिवसभर एकमेकींशी बोलायच्या, ही मराठीत, ती डब्लिनच्या इंग्रजीत, आणि दोघींचं काही अडायचं नाही. फक्त एकदा आई अर्धा तास वाटाणे शोधत होती. लेक सांगत होती, "इट्स इन द प्रेस, आजी," आणि आई इस्त्रीच्या टेबलाखाली वाकून पाहत होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे मी तिला सांगायचं राहून गेलं होतं.

२०२१चा जानेवारी मात्र जड गेला. पुन्हा सगळं बंद, चार-साडेचारला अंधार, बारीक पाऊस. आईनं हिरवळीच्या फेऱ्या थांबवल्या. भाकरी थापताना गुणगुणायची ती गप्प झाली. दुपारी माझ्यासमोर बसायची, पण चेहरा वाचायची नाही.

अशाच एका दुपारी बहिणींचा फोन आला. दोघींना लस मिळायची चिन्हं होती, म्हणून खुशीत होत्या. खुशीतच पुन्हा शिड्यांवरून भांडल्या आणि थोरली अचानक वैतागून म्हणाली, "मी वर जाते ते काय माझ्यासाठी? लहानपणापासून हिला चढता येत नाही. मी वर जाऊन पाहून येते आणि हिला सांगते. मला वाटायचं, हिला ते आवडतं."

"आवडतं ना," धाकटी म्हणाली. "पण तू वर तीन तास घालवतेस आणि मला पाच मिनिटांत सांगून मोकळी होतेस. मी तीन तास खाली बसलेली असते. मला तीन तासांचं हवं असतं."

थोरली हळू आवाजात म्हणाली, "बरं. या वेळी सगळं सांगीन."

फोन ठेवल्यावर मी आईला हे शब्दशः सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठली, चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी नाश्त्याला खाली आले, तर आई फोन भिंतीला टेकवून बसलेली आणि पडद्यावर मावशी. अमरावतीत दुपार होती. दिवाळी नव्हती, संक्रांतही होऊन गेली होती.

"गिरनारवर काय काय पाह्यलं ते सांग," आई म्हणत होती.

"आत्ता?" मावशी म्हणाली. "चार-पाच वर्षांनी? बरी आहेस ना तू?"

"मले वेळ आहे. इथं सगळं बंद आहे. पहिल्या पायरीपासून सांग."

मावशीनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडते की काय. तर ती हसत होती. "काय सांगू माय? मी कुठं गेली वर? अर्ध्याच्या आधीच पाय लटलट कापाले लागले. एका दुकानाच्या फळीवर बसली, लिंबू सरबत पेली, अन् बसूनच राहिली. डोलीवाले इचारून थकले. लोकं वर जाऊन खाली आले, मी तिथंच. खाली आली तं तू तोंड फुगवून. म्हटलं, हिले काय सांगू, का मोठी म्हणवते अन् अर्ध्यातच बसली?"

आईनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे तूही बसूनच होती?"

"बसूनच होती."

"सरबत पीत?"

"दोन पेली."

आई जी हसत सुटली, ती डोळ्यांना पाणी येईपर्यंत. नवरा मीटिंग सोडून जिन्यावर आला. "मी खाली पिशव्या राखून राहिली," ती धापा टाकत म्हणत होती, "अन् ही मधात सरबत पिऊन राहिली!" मग मावशीनं बातमी दिली, गिरनारला आता रोपवे झाला आहे, बसून जाता येतं. दोघींनी तिथेच ठरवलं, आई परतली की जायचं. त्या दिवसापासून मावशीचा फोन रोज येऊ लागला, इतका की माझ्या शिफ्टच्या आधी दोघींना आवरतं घ्या म्हणून मला सांगावं लागायचं. आणि आई पुन्हा हिरवळीला फेऱ्या मारू लागली.

दोघी बहिणी गेल्या त्या सप्टेंबरात. वर्षभर घासूनपुसून केलेला बेत होता: पहिले दोन दिवस राजधानी, मग शिड्यांची घरं, मग दक्षिणेला गुहा आणि वाळू. कुठे किती वाजता निघायचं, कुठल्या बाकावर धाकटी बसणार, सगळं ठरलेलं. त्या निघाल्यावर चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला, थेट तिथूनच. मागे घरघर आवाज येत होता.

"आम्ही तुझा बेत मोडला," थोरलीनं सुरुवातच केली. "गुहा पाहिल्या नाहीत. वाळूही नाही."

मी घाईनं विचारलं, "काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. आम्ही मिरच्या भाजताना पाहतोय. काल आलो होतो अर्ध्या तासासाठी. आज परत आलो. दुकानवाल्यानं आम्हाला घडीच्या खुर्च्या दिल्यात."

मी टीम लीडचा शब्द त्या दिवशी मोडला. हेडसेटची वायर ओढून काढली आणि आईला जवळ बोलावलं. "शिड्या?" आईनं इंग्रजीत विचारलं. एकच शब्द, पण वर्षभराच्या काळजीनं भरलेला.

"पाहिल्या," थोरली म्हणाली. "खालून. तुम्ही सांगितलेला तो बाक सापडला, ओढ्याकाठचा. म्हटलं, हिच्याबरोबर पाच मिनिटं बसावं आणि मग चढावं. बसले, आणि उठावंसंच वाटलं नाही. शिडीवर एक माणूस होता, तो इतका घाबरला होता की त्याला ना वर जाता येई ना खाली. आम्ही दोघी त्याला ओरडून धीर देत होतो. सगळ्यात मजा त्याची आली."

"आणि हिनं मला सरळ सांगून टाकलं," धाकटी मागून ओरडली, "की हिला उंचीची भीती वाटते! लहानपणापासून! आणि तरी माझ्यासाठी चढायची!"

मी भाषांतर केलं. "वर्षभर माझं डोकं खाल्लं!" आई म्हणाली. "सावली कधी पडते, बाकाले पाठ आहे का, सारं विचारून झालं, अन् गेल्या तं मिरच्या पाहत बसल्या!" मग तिनं लॅपटॉपच्या जवळ तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "रेड? ऑर ग्रीन?"

"दोन्ही!" दोघी एकदम म्हणाल्या.

घरघर वाढली. दुकानवाल्यानं नवीन पोतं ओतलं असावं, मिरच्यांचा तडतडाट स्वयंपाकघरात पोचला. तिघी म्हाताऱ्या बायका ऐकत होत्या. मी लाइन तशीच उघडी ठेवली.

आईचं तिकीट नोव्हेंबरचं काढलं होतं. तिनं आयर्लंडमध्ये इतके महिने काढले आणि पाहिली ती आमची एस्टेट, नदीकाठ आणि सुपरमार्केट. म्हणून ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही ग्लेनडालोखला गेलो. विकलोच्या डोंगरात दोन तळी आहेत, जुन्या मठाचे दगडी अवशेष आहेत आणि वरच्या तळ्यापासून कड्यावर जाणाऱ्या लाकडी पायऱ्या आहेत. आईनं तळ्याकाठी एक बाक निवडला, पाठ असलेला. थर्मास आणि चिवड्याचा डबा शेजारी ठेवला. "जा तुम्ही," ती म्हणाली. "मी आहे इथं."

आम्ही तिघं चढलो. पायऱ्या संपता संपेनात. वर पोचलो तेव्हा खालून धुकं चढत आलं आणि तळं, दरी, समोरचा डोंगर सगळं पांढरं झालं. कड्याच्या कठड्याला धरून आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि काहीही न पाहता उतरलो.

खाली आईच्या बाकावर एक आयरिश आजी बसली होती. तिच्या हातात आमच्या चिवड्याची वाटी होती, डोळ्यांत तिखटानं पाणी होतं आणि ती तरीही खात होती. तिचा मुलगाही वर गेला होता. आईला तोवर त्याचं वय, नोकरी आणि त्याचं लग्न झालं नसल्याचं कळलं होतं, कुठल्या भाषेत ते मी विचारलं नाही.

लेक धावत जाऊन आजीला चिकटली.

"काय पाह्यलं वर?" आईनं विचारलं.

"नथिंग, आजी! इट वॉज ऑल फॉग! यू कुडन्ट सी अ थिंग!"

"बरं," आई म्हणाली आणि तिला सरकून जागा करून दिली. "मग धुकं कसं होतं ते सांग. पहिल्या पायरीपासून."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, चिवड्याची मूठ भरली आणि सांगायला लागली. आधी इंग्रजीत, मग आजीला नीट कळावं म्हणून मधेमधे मराठीत, हात पसरून, धुकं कसं आलं, कसं गार लागलं, बाबांचं डोकं कसं दिसेनासं झालं. आयरिश आजीही कान देऊन ऐकत होती. नवरा गाडी आणायला गेला. मी थर्मासमधला उरलेला चहा चार कपांत ओतला आणि गवतावर बसले.